सहा तोळे जीव

वऱ्हाडात वजन म्हटलं की क्विंटलच आठवतो. दिवाळी सरली की जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. भरली गाडी काट्यावर चढते, रिकामी होऊन पुन्हा चढते, आणि मधल्या फरकात एका घराचं अख्खं वर्ष लिहिलं जातं. अमरावती आणि अकोला ही दोन्ही शहरं या काट्यावर मोठी झाली. पाव-अर्धा किलोचं इथे कुणी मनावर घेत नाही. अशा मुलखात वाढलेली मी, एक ग्रॅम म्हणजे किती असतो हे शिकले ते मांजरीच्या एका पिल्लापासून.

शेजारच्या सोनारकाकांनी त्यांच्या पेढीवरचा छोटा काटा घरी आणून दिला होता. पाटल्या, बोरमाळा, अडल्यानडल्या वेळी मोडायला आलेली मंगळसूत्रं ज्या ताटलीत मोजली गेली, तिच्यात त्यांनी आधी एक मऊ फडकं अंथरलं, आकडा शून्यावर आणला आणि दोन बोटांनी उचलून पिल्लाला त्यावर ठेवलं. ६८ ग्रॅम. काकांचा हिशेब तोळ्याचा. मनातल्या मनात भागाकार करून ते म्हणाले, "सहा तोळेही नाही भरत व माय." सोनं मोजताना त्यांचा आवाज असा झालेला मी कधी ऐकला नव्हता.

मांजरीचं निरोगी पिल्लू जन्मतं तेव्हा १०० ग्रॅमच्या आगेमागे असतं. त्यानंतर रोज दहा-पंधरा ग्रॅमनं वाढत ते दोन आठवड्यांच्या आत दुप्पट होतं. ७५ ग्रॅमच्या खाली जन्मलेल्या पिल्लाचा पहिला आठवडा मात्र सगळा धास्तीचा. त्याच्या अंगावर चरबीचा थर नसतो, पोटात साठा नसतो, आणि तीन भावंडांना ढकलून आचळापर्यंत पोचण्याचं बळही नसतं. एक पाळी चुकली की ते थोडं थंड पडतं, थंड पडलं की पुढच्या पाळीला आणखी मागे राहतं. दुबळेपणाचा हा उतार फार निसरडा असतो. काही तासांत होत्याचं नव्हतं होतं.

आमच्याकडे मांजरींची बाळंतपणं बहुधा कूलरमध्ये होतात. वऱ्हाडातल्या प्रत्येक घराच्या गच्चीवर किंवा मागच्या गॅलरीत पत्र्याचा एक तरी कूलर हिवाळाभर पडून असतो. आत मागच्या वर्षीचं वाळलेलं गवत, तिन्ही बाजूंनी आडोसा, वर छप्पर. पोट घेऊन फिरणाऱ्या मांजरीला याहून चांगली जागा कुठे मिळणार? होळी झाली की माणसं गवत बदलायला ताट्या काढतात आणि आतून बारीक चिरका आवाज येतो. आमच्या भुरीनंही हेच केलं. चार पिल्लं होती. तीन तिच्या पोटाला लुचत होती आणि चौथं, सगळ्यांत लहान, ताटीच्या कडेला एकटं पडलेलं. हात लावला तर गार. एप्रिलच्या दुपारी, पत्रा चटके देत असताना, गार.

मी अकोल्याला आत्याला फोन लावला. आत्याच्या हाताखालून जुन्या शहरातल्या तिच्या वाड्यात किती मांजरी, शेळ्या आणि माणसांची लेकरं मोठी झाली असतील याची मोजदाद नाही. मी दुधाचं विचारत होते. कुठलं, किती, कशानं पाजायचं? तिनं मला मध्येच थांबवलं. "दुधाचं नंतर पाहू. आधी त्याले पदराखाली घे. आंगाले आंग लागू दे. ऊन होऊ दे. थंड्या पोटात दूध घातलं तं थे पोटातच नासते."

पुढे पशुवैद्यकाची पुस्तकं चाळली तेव्हा तिथेही नेमकं हेच लिहिलेलं सापडलं, फक्त आकड्यांत. मोठ्या मांजरीचं अंग ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. नवजात पिल्लाचं पहिल्या आठवड्यात त्याहून दोन-तीन अंशांनी कमी, आणि तेवढंही त्याला स्वतःच्या जोरावर टिकवता येत नाही. थंडी वाजली तर अंगाला कापरं भरून ऊब तयार होते, ती सोयसुद्धा पहिल्या आठवड्यात त्याच्याकडे नसते. अंग ३५ अंशांच्या खाली उतरलं की आतडी थांबतात. मग पाजलेलं दूध पुढे सरकत नाही. ते पोटात फुगतं, उलटून वर येतं, श्वासनलिकेत उतरतं. शिवाय ऊबही एकदम देऊन चालत नाही. पिल्लाला चुलीशी धरणं किंवा ऊन पाण्यात बुडवणं म्हणजे त्या एवढ्याशा हृदयावर घाव घालणं. तासा-दोन तासांत, हळूहळू, दुसऱ्याच्या अंगातून त्याच्या अंगात ऊब उतरली पाहिजे.

मला या गोष्टीनं खोल हलवलं. आपल्याकडे दया म्हटली की ताट पुढे येतं. दारी कुणीही आलं, माणूस असो की जनावर, आपला हात आधी भाकरीच्या टोपल्याकडे जातो. तो संस्कार मोठा आहे, मी त्याला उणं म्हणणार नाही. पण अगदीच दुबळा जीव समोर असतो तेव्हा अन्न घेण्याचीही एक ताकद लागते आणि ती आधी परत आणावी लागते. भुकेल्याला जेवू घालण्याआधी त्याला जवळ घ्यावं लागतं. आत्यानं हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. तिच्या पदराला ते ठाऊक होतं.

वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात ऊब देण्याची गोष्ट ऐकून परगावचा माणूस चकित होईल. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ ओलांडतो. कधी देशातल्या सगळ्यांत तापलेल्या शहरांच्या यादीत त्याचं नाव वर असतं. पण खोलीत कूलर चालू असतो आणि त्याचा ओला झोत जमिनीलगत येतो. आपल्याला सुखावणारा तोच वारा फरशीवरच्या पिल्लाचं अंग उतरवतो. आणि कूलर बंद केला की दुपारी दोनला तीच खोली भट्टी होते. पिल्लू धापा टाकतं, अंगातलं पाणी सुकतं, हिरड्या कोरड्या पडतात. म्हणजे एकाच दिवसात थंडीपासूनही राखायचं आणि उन्हापासूनही. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या खोक्यात ३० अंशांच्या आसपास तापमान हवं. ते आम्ही असं साधलं: कूलरच्या झोतापासून दूर, जाड भिंतीच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचा खोका, तळाशी आत्यानं शिवलेल्या वाकळीचा तुकडा, अर्ध्या भागात फडक्यात गुंडाळलेली ऊन पाण्याची बाटली, आणि अर्धा भाग मोकळा. हा मोकळा भाग फार महत्त्वाचा. उकडलं तर पिल्लाला सरकायला जागा हवी, एवढं ते पोटावर रांगत करू शकतं. शेजारी पसरट वाडग्यात पाणी, कारण एप्रिल-मेमध्ये इथली हवा इतकी कोरडी असते की माणसाचे ओठ फाटतात. तिथे ६८ ग्रॅमचं काय?

कापसाच्या मुलखात कुणालाही पहिल्यांदा सुचतं की पिल्लाला कापसात ठेवावं. आत्यानं तेही होऊ दिलं नाही. सुट्या कापसाचे धागे नखांत अडकतात, पायाला पीळ पडतो, ओल्या तोंडाला चिकटतात. अंथरायला धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं किंवा वाकळच बरी. कापसाचा खरा उपयोग दुसराच निघाला. नवजात पिल्लाला आपण होऊन लघवी-शी करता येत नाही. आई जिभेनं चाटते तेव्हाच ती होते, आणि आईकडून सुटलेल्या पिल्लाचं हे काम कुणी केलं नाही तर भरल्या पोटानंही ते दगावतं. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाच्या बोळ्यानं, प्रत्येक पाजण्याच्या वेळी, अगदी हलकं हलकं पुसत राहायचं. आमच्या शेतातल्या कापसाचा बोळा मी आजवर निरांजनाच्या वातीसाठी वळला होता. रात्री दोन वाजता तो या कामासाठी वळताना मला जराही कमीपणा वाटला नाही.

दुधाचं सांगायचं तर, घरातलं गाईचं किंवा म्हशीचं दूध वाटीत ओतून देणं ही जुनी सवय नवजाताच्या जिवावर उठते. मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या साधारण दुप्पट असतात, स्निग्धांशही जास्त. गाईच्या दुधात साखरेचा वाटा त्या मानानं मोठा, म्हणून पिल्लाला जुलाब होतात, आणि एवढ्याशा जिवाला एका दिवसाचे जुलाब पुरे होतात. मोठ्या औषध दुकानांत आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मांजरीच्या पिल्लांसाठी दुधाची भुकटी मिळते, तीच खरी. ती कोमट पाण्यात कालवायची, थेंब मनगटावर टाकून पाहायचा. पाजताना पिल्लू पोटावर हवं, मान किंचित वर, जसं ते आईला लुचताना असतं. माणसाच्या बाळासारखं पाठीवर धरलं तर दूध फुप्फुसात जातं. सुईविना सिरिंजनं, घोट गिळला की पुढचा थेंब. पोट केवढं? १०० ग्रॅमच्या पिल्लाच्या पोटात एका वेळी चार मिलिलिटरच्या आसपास दूध मावतं, म्हणजे चहाचा एक चमचाही नाही. म्हणून दर दोन-तीन तासांनी, दिवसा आणि रात्री सारखंच.

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट आई. आई असेल तर तिच्यापासून तोडू नये. भुरी त्या लहानगीला दूर सारत होती, ते निष्ठुरपणानं नाही. गार पडलेलं पिल्लू आईच्या अंगाला जिवंत लागत नाही. तिच्याकडे चार जीव आणि एकच शरीर, तिची निवड अंगानंच होते. लहानगी ऊन होऊन परत गेली तेव्हा भुरीनं तिला हुंगलं, चाटलं आणि पुढच्या पायाच्या वळणात ओढून घेतलं. आम्ही फक्त वरची भर घालत होतो. पहिल्या दिवशी आईच्या चिकातून जी रोगाशी लढणारी ताकद मिळते, ती कुठल्याही डब्यात नाही. पिल्लाच्या आतड्याची ती शोषून घेणारी दारं जन्मानंतर एका दिवसाच्या आत मिटतात. म्हणून गवतात, खोक्यात, कुणाच्या माळ्यावर पिल्लं एकटी दिसली तर लगेच उचलून आणू नयेत. आई चारा-पाण्याला गेलेली असू शकते. लांबून काही तास पाहावं. आपल्या मायेनं एखाद्या आईची पिल्लं हिरावून घेतली जाऊ नयेत, हे मला कळकळीनं सांगावंसं वाटतं.

काटा रोज एकाच वेळी लावायचा. डोळ्यांना जे उद्या दिसेल ते काट्याला आज कळतं. पिल्लू हलतं, लुचतं, चिरकतं, सगळं ठीक वाटतं, आणि आकडा मात्र कालच्याच जागी असतो. चोवीस तासांत वजन वाढलं नाही तर काहीतरी बिनसलंय. झोपेकडेही पाहायचं. निरोगी पिल्लू झोपेत सारखं थरथरतं, पाय झाडतं, ओठ हलवतं. ते सगळं वाढण्याचं लक्षण. शांत, निपचित झोपलेलं पिल्लू पाहून पाहुणे म्हणतात, किती गोड झोपलंय. आमच्या पोटात गोळा यायचा.

अशातच आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि मला अकोल्याला मुक्कामाला जाणं भाग पडलं. भुरी आणि तिची चार लेकरं वेताच्या करंडीत घालून पहाटेच निघालो. बडनेरा मागे पडलं, मूर्तिजापूर आलं, पुढे बोरगाव मंजू. हा तोच महामार्ग, जिथे जून २०२२ मध्ये लोणी ते माना ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घातला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. रात्रंदिवस यंत्रं, टँकर, शेकडो मजूर, उन्हात डांबराची वाफ. मांडीवरच्या करंडीत हात ठेवून मी हिशेब करत होते. १०५ तास म्हणजे सव्वाचार दिवसांहून थोडं जास्त. तेवढ्या वेळात सगळं नीट झालं तर एक पिल्लू चाळीस-पन्नास ग्रॅम वाढतं. दोन्ही कामांत रात्र-दिवसाचा खंड चालत नाही. त्या मजुरांविषयी मला त्या पहाटे फार जवळीक वाटली.

अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, पिल्लं दाखवायला मी तिथे गेले. २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या ती अखत्यारीत येते. अशा ठिकाणी आवार बैल, म्हशी, बकऱ्यांचं असतं. कुणी पाय मोडलेलं वासरू टेम्पोतून आणलेलं, कुणाची शेळी अडलेली. ज्यांच्या जनावरावर घर चालतं अशा माणसांमध्ये मांजरीची करंडी घेऊन उभं राहताना मला संकोचल्यासारखं झालं. शेजारच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं फडकं बाजूला सारून आत पाहिलं आणि विचारलं, "दूध ओढते का?" मी म्हटलं, आता ओढते. "मंग जगन," ते म्हणाले, आणि आपल्या वासराकडे वळले. आयुष्यभर जनावरांजवळ राहिलेल्या माणसाचा तो शब्द मी दिवसभर सोबत बाळगला.

मांजरीच्या पिल्लाबद्दल लिहिताना माणसाच्या बाळांची आठवण काढावी का, याचा मी बराच विचार केला. पण अमरावती जिल्ह्यात राहून 'कमी वजनाचं नवजात' हे शब्द लिहायचे आणि मेळघाट टाळायचा, हे मला जमणार नाही. धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांची नावं आमच्या वर्तमानपत्रांत दर पावसाळ्यात येतात, आणि ती बालमृत्यूंसाठी येतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. अडीच किलोच्या आत जन्मलेलं बाळ कमी वजनाचं धरतात. लहान शरीराचा नियम तिथेही तोच: वजनाच्या मानानं कातडीचा पसारा मोठा, म्हणून ऊब भराभर निघून जाते.

विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९० च्या दशकात ३९ गावांत काय केलं ते जगभर वाचलं गेलं. गावातल्याच बायकांना शिकवून त्यांनी आरोग्यदूत केलं. वजनाचा काटा, तापमापी, बाळाला गुंडाळायची उबदार पिशवी, गरजेला इंजेक्शन, आणि घरी जाऊन रोजची नजर. त्या गावांत हजारी बासष्टच्या घरात असलेले नवजातांचे मृत्यू काही वर्षांत पंचवीसवर आले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'नं ते छापलं आणि पुढे देशभरातल्या आशा सेविकांच्या घरभेटींना त्यातून वाट मिळाली. मेळघाटात धारणीजवळच्या उतावलीला डॉ. आशिष सातव यांची 'महान' संस्था, बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे, यांनी आपलं उभं आयुष्य याच कामात घातलं. यांतल्या कुणाच्याही कामाशी मी माझ्या खोक्याची तुलना करत नाही, ती करणं उद्धटपणा होईल. मला एवढंच दिसलं की सगळ्यांत दुबळ्याला वाचवणारी साधनं किती साधी असतात: काटा, ऊब, आणि उद्या पुन्हा येणारं माणूस.

कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये डॉ. एडगर रे यांनी काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तीच आजची कांगारू मातृसेवा. पूर्वी बाळ स्थिरावलं की मगच ते करत. भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेला जागतिक आरोग्य संघटनेचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एक किलो ते १.८ किलोच्या आतल्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलं तर मृत्यू चतुर्थांशानं कमी होतात, असं त्यात आढळलं. आधी छातीशी, बाकीचं त्यानंतर. अमरावतीत जिल्हा स्त्री रुग्णालयाला लोक अजून डफरीन म्हणतात, अकोल्यात लेडी हार्डिंग. दोन्हींच्या बाहेर रात्रभर बसलेल्या आज्या मी पाहिल्या आहेत. मांडीवर दुपट्यांची पिशवी, नजर दारावर. आता त्या बाकांवरून जाताना मला वाटतं, आतल्या बाळाचं आजचं वजन यांना कुणी सांगितलं असेल का?

आपल्याकडे मूल जन्मलं की पाचव्या रात्री पाचवीची पूजा असते. सटवाई येते, कोऱ्या कागदावर बाळाचं नशीब लिहून जाते. दिवा विझू द्यायचा नाही आणि बाळाला एकटं सोडायचं नाही. बंगालात लेकुरवाळ्यांची हीच देवता, षष्ठी, मांजरावर बसलेली असते. नवजातांची राखण करणारीनं वाहन म्हणून मांजर का निवडावं, याचं शास्त्र मला सांगता येणार नाही. पण आठवडाभर भुरीला रात्री जागताना पाहिलं, आणि ते वाहन मला मनापासून पटलं.

या मातीत अशा राखणीला जुनी मुळं आहेत. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर महानुभावांचं. तिथे म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. त्यातली सशाची लीळा महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांनी शाळेत वाचली आहे. शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला ससा धावत येऊन चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरतो. शिकारी येऊन तो मागतात, स्वामी देत नाहीत. लहानपणी मला त्यात स्वामींचं बोलणं लक्षात राहायचं. आता लक्ष जातं ते मांडीखालच्या त्या जागेकडे. धापा टाकणाऱ्या, घाबरलेल्या जिवाला पहिल्यांदा ऊन आणि अंधारी जागा मिळाली. उपदेश त्यानंतर झाला. आणि अंजनगाव सुर्जीजवळच्या शेणगावात १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी जत्रांमधल्या पशुहत्येविरुद्ध जन्मभर कीर्तनं केली. माणसांना अन्न, वस्त्र, निवारा मागणाऱ्या त्यांच्या दशसूत्रीत मुक्या प्राण्यांना अभयही आहे. रोज गाडगेनगरवरून जाणाऱ्या आम्हा अमरावतीकरांना ती पाठ आहे. रस्त्यावरच्या मांजरीच्या पिल्लांसाठी एवढा खटाटोप का, असं मला विचारणाऱ्यांना मी हेच सांगते. हे काही शहरी नवं खूळ नाही, हे आपल्याच घरचं आहे.

एक पिल्लू गेलं. लहानगी नव्हे, तिच्या वरचं, काळं-पांढरं. संध्याकाळी काट्यावर दोन ग्रॅम कमी भरलं, रात्री लुचेनासं झालं, पहाटे त्याचं तोंड उघडं राहून श्वास लांब लांब जाऊ लागला. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की अशी पिल्लं काही वेळा कुठलंही कारण न दाखवता मावळतात. जन्मतः आत काही अपुरं राहिलेलं असतं, त्यावर ऊब आणि दूध दोन्ही पुरत नाहीत. ऑपरेशनचा पाय उशीवर ठेवून आत्या जागीच होती. तिनं ते माझ्याकडून मागून घेतलं आणि पदरात धरून बसली. मी म्हटलं, आता काय उपयोग? ती म्हणाली, "उपयोगासाठी नाही व. जाईपर्यंत ऊन राहू दे त्याले." अंगणातल्या कडुनिंबाखाली आम्ही त्याला पुरलं. भुरी दोन दिवस करंडी हुंगत फिरली. तिचं दुःख मी समजून घेऊ शकते असं म्हणणार नाही, पण ते होतं.

लहानगी वाढली. तिचे डोळे भावंडांपेक्षा उशिरा उघडले, आधी एक फट, मग दुसरी, आत धुरकट निळा रंग. दुमडलेले कान कापसाचं बोंड उकलावं तसे उभे राहिले. छातीशी धरलं की तिचं गुरगुरणं बोटांना जाणवायचं, ऐकू यायच्या आधी. दूध पिताना ती पुढचे दोन्ही पंजे आळीपाळीनं दाबायची, आईला लुचताना तिच्या पोटावर, सिरिंज हातात असेल तर माझ्या अंगठ्यावर. सोनारकाका अमरावतीहून फोन करून विचारायचे, "किती तोळे?" दहाच्या पुढे गेल्याचं सांगितलं त्या दिवशी ते मोठ्यानं हसले.

मांजर आपली पिल्लं सात घरी फिरवते म्हणतात. भुरीनं आत्याच्या वाड्यात तेवढी घरं नसली तरी तेवढे कोपरे शोधले: कपाटाचा खण, तांदळाच्या कोठीमागची जागा, शिलाई मशीनचं पायदान. प्रत्येक वेळी ती सगळ्यांत आधी लहानगीलाच मानेला धरून न्यायची, हे आत्यानं मला दाखवलं. दोन पिल्लं आत्याच्या ओळखीच्या दोन घरी जायची आहेत, पण आठ आठवडे झाल्याशिवाय नाही. त्याआधी आईकडून शिकायचं बरंच बाकी असतं. लहानगी आत्याकडेच राहणार, हे आत्यानं कुणालाही न विचारता ठरवून टाकलं आहे.

राहिली भुरी. मांजर पिल्लांना पाजत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते, आणि नऊ आठवड्यांनी पुन्हा कुठल्यातरी कूलरमध्ये तेच. वर्षाला दोन-तीन बाळंतपणं, दरवेळी तिच्या हाडांतून ओढलेलं दूध, आणि दरवेळी कडेला पडलेलं एखादं गार पिल्लू. ज्याला पिल्लांची खरी माया आहे त्यानं आईचं ऑपरेशन करून घ्यावं, याबद्दल माझ्या मनात आता काही शंका उरली नाही. डॉक्टरीणबाईंनी दूध आटेपर्यंत थांबायला सांगितलं आहे. तोवर ती वाड्याबाहेर पडणार नाही याची जबाबदारी आत्याची, आणि बाजारातून सुकट आणून पोचवायची माझी. जून लागला, की पहिल्या पावसाआधीचा एखादा दिवस पाहून आम्ही दोघी तिला करंडीत घालून नेणार आहोत. आत्याचा गुडघा तोवर चालता होईल, असं तिचे डॉक्टर म्हणतात.